कागदावर हरलेला सामना

बास्केटबॉलचा चेंडू मी उभ्या आयुष्यात फार तर दहा-बारा वेळा हातात धरला असेल, आणि त्यांतला एकदाही तो जाळीतून खाली पडल्याचे मला आठवत नाही. तरीसुद्धा गेली सहा वर्षे मी एका बास्केटबॉल संघाचा मालक, प्रशिक्षक, खजिनदार आणि तिकीटविक्या असा सर्व काही आहे. संघात तेरा खेळाडू आहेत. त्यांचे पगार मी देतो, त्यांच्याकडून सराव करून घेतो, आणि पैशांची ओढाताण झाली की एखाद्याला जड अंतःकरणाने विकतोही. यांपैकी एकालाही मी पाहिलेले नाही, कारण ही सारी मंडळी संगणकात राहतात.

या खेळाचे नाव बझरबीटर. मी बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी माझ्या पुतण्याने मला त्यात नाव घालून दिले. "काका, दिवसभर काकूच्या फोडणीत लक्ष घालण्यापेक्षा हे बरे," असे तो म्हणाला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्याला ताबडतोब दुजोरा दिला. जगातल्या अनेक देशांच्या लीग त्यात आहेत, तशी भारताचीही आहे. मंगळवारी आणि शनिवारी लीगचे सामने होतात. सामना सुरू होण्यापूर्वी कोण खेळणार, हल्ल्याची चाल कोणती, बचाव कसा करायचा, जोर किती लावायचा, एवढे लिहून द्यावयाचे, आणि मग हाताची घडी घालून बसावयाचे. पडद्यावर एकेक ओळ उमटत जाते : अमक्याने चेंडू तमक्याला दिला, तमक्याने फेकला, चुकला. पेपर लिहून झाल्यावर परीक्षकाच्या खांद्यावरून डोकावण्याची सोय असावी, तसा हा प्रकार आहे.

खेळाडूंचे गुण आकड्यांत न देता विशेषणांत देतात, ही या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. त्यांच्या वीस पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर भिकार, केविलवाणा, अजागळ असे शेलके शब्द. मध्ये कोठेतरी 'बरा'. आणि वर वर गेले की अचाट, विराट, दंतकथेतला! मूळ शब्द इंग्रजी आहेत, मी आपले घरगुती मराठी केले आहे. माझ्या संघात एक पोरगा आहे. अठराव्या वर्षी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचे बहुतेक गुण केविलवाण्याच्या आसपास होते. चार हंगाम त्याला शिकवून शिकवून मी दुरून चेंडू टाकण्यात 'अचाट'पर्यंत नेला. घरात त्याला सगळे 'धाकटे चिरंजीव' म्हणतात. थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे खरेखुरे, बंगळुरास असतात आणि या लाडाबद्दल कधी कधी तक्रारही करतात.

आता गेल्या हंगामाच्या शेवटच्या शनिवारची अडचण सांगतो. लीगच्या प्रत्येक गटात आठ संघ असतात. पहिले चार पुढे अजिंक्यपदासाठी झुंजतात. पाचवा सुखरूप राहतो. सहाव्या-सातव्याला खालच्या वर्गात ढकलले जाऊ नये म्हणून तीन सामन्यांची झुंज द्यावी लागते आणि आठवा तर सरळ खालीच जातो. आम्ही पाचवे होतो. सहाव्या संघाचे विजय आमच्याइतकेच होते, पण गुणफरकात आम्ही २३ गुणांनी पुढे होतो. त्या सहाव्याचा शेवटचा सामना तळाच्या संघाशी होता. आमचा होता तो गटात पहिल्या आलेल्या संघाशी. खालच्या वर्गात जाणे म्हणजे उत्पन्न घटणे, आणि उत्पन्न घटले की जास्त पगाराचा माणूस विकणे आले. आमच्याकडे जास्त पगाराचा माणूस म्हणजे धाकटे चिरंजीव.

अशा वेळी हल्ल्याची चाल कोणती निवडावी? पडद्यावर यादी असते. बास्केटच्या खाली उंच माणसांना चेंडू पुरवायचा असेल तर 'लुक इनसाइड' किंवा संथपणे तेच करणारा 'लो पोस्ट'. दुरून फेकायचे असेल तर 'मोशन', धावत-पळत फेकणारा 'रन अँड गन', आणि सावकाश, पुष्कळ हात बदलून फेकणारा 'प्रिन्सटन'. जवळून व दुरून सारखेच खेळायचे, पण घाईने, तर 'पुश द बॉल'. आणि दम धरून, तर 'पेशंट'. बहुतेक मालक अशा प्रसंगी आपला हातखंडा प्रयोग लावतात. हंगामभर जी चाल चालली तीच बलाढ्याशीही खेळतात आणि वीस गुणांनी हरून "चांगले खेळलो" असे म्हणतात. माझ्या मते ही चाल निवडणे नव्हेच. तो चाल न निवडण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

पहिला विचार केला पाहिजे तो सामना किती लांब करावयाचा याचा. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. सामना ठरल्या मिनिटांचाच असतो ना? मिनिटे ठरलेली असतात हे खरे, पण त्या मिनिटांत चेंडू किती वेळा तुमच्याकडे येतो आणि किती वेळा त्यांच्याकडे जातो, हे ठरलेले नसते. यातले गणित कॅरमवर समजावून देता येते. समजा, शेजारचे गृहस्थ तुमच्याहून सरस आहेत. दहांपैकी सहा बोर्ड ते घेतात, चार तुम्ही. एकच बोर्ड खेळलात तर जिंकण्याची तुमची आशा शंभरात ४०. तीनांत दोन घ्यायचे ठरवले की ती ३५ वर येते, पाचांत तीन म्हटले की ३२, आणि सातांत चार म्हटले की २९. सरस माणसाचे सरसपण उघडे पडायला वेळ लागतो. तो वेळ त्याला देऊ नये. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. पाच दिवसांच्या कसोटीत लिंबूटिंबू संघ क्वचितच कोणाला हरवतो; वीस षटकांत मात्र तो भल्याभल्यांना घाम फोडतो.

खऱ्या बास्केटबॉलमध्ये याचे टोक गाठले गेले ते २२ नोव्हेंबर १९५० रोजी, अमेरिकेत मिनियापोलिस येथे. तिथल्या लेकर्स संघात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा खेळाडू होता. त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे. फोर्ट वेन पिस्टन्स या पाहुण्या संघाने ठरवले की चेंडू मायकनच्या संघाला मिळूच द्यावयाचा नाही. त्या काळी चेंडू किती वेळ धरून ठेवावा याला नियम नव्हता. पिस्टन्स तो हातात धरून उभे राहिले, एकमेकांना देत राहिले, पुन्हा उभे राहिले. चौथ्या सत्रात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले! शेवटी पिस्टन्स १९, लेकर्स १८. लेकर्सच्या अठरांपैकी पंधरा एकट्या मायकनचे. प्रेक्षक अर्थातच संतापले. तिकिटाचे पैसे देऊन माणसे उभी राहिलेली पाहावयास कोण येईल? पुढे १९५४ साली, २४ सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे असा नियम व्यावसायिक लीगने केला, तो असल्याच प्रकारांमुळे. म्हणजे आज चेंडू धरून बसता येत नाही. पण चोवीस सेकंदांपैकी बावीस वापरता येतात, आणि या संगणकी खेळातल्या संथ चालींचा अर्थ नेमका तोच आहे.

'प्रिन्सटन' हे नाव तिथल्या विद्यापीठावरून आले. पीट कॅरिल नावाच्या प्रशिक्षकाने तेथे ही चाल वर्षानुवर्षे घोटून घेतली. प्रिन्सटन ज्या गटात मोडते त्यातली विद्यापीठे केवळ खेळासाठी शिष्यवृत्त्या देत नाहीत. तेव्हा नामांकित धिप्पाड खेळाडू दुसरीकडे जात आणि कॅरिल यांच्या वाट्याला अभ्यासू पोरे येत. त्यांना त्यांनी दम धरायला, हात बदलायला आणि बचाव करणारा पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून बास्केटकडे सटकायला शिकवले. १४ मार्च १९९६ रोजी आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए संघाशी त्यांची गाठ पडली. शेवटची सहा-एक मिनिटे राहिली असताना यूसीएलए ४१, प्रिन्सटन ३४ अशी स्थिती होती. तेथून पुढे यूसीएलएला एकही गुण मिळाला नाही! चार सेकंद उरले असताना पाठीमागून सटकलेल्या एका पोराच्या हाती चेंडू आला, आणि प्रिन्सटन ४३–४१ असे जिंकले. हा सामना सगळे सांगतात. त्यापुढचा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो : लगेच पुढच्या फेरीत मिसिसिपी स्टेटने याच प्रिन्सटनला ६३–४१ असे हरवले. चाल तीच, माणसेही तीच.

दुसरा विचार फेकीच्या अंतराचा. जवळून टाकलेल्या चेंडूला दोन गुण, तीन गुणांच्या रेघेबाहेरून टाकलेल्याला तीन. समजा, तुमचा संघ जवळून शंभरात ४८ टाकतो आणि दुरून शंभरात ३२. हिशेब केला तर दोन्हींकडून शंभर फेकींचे ९६ गुणच येतात. मग फरक काय? फरक लहरीपणात आहे. वीस फेकी घेऊन पाहू. सरासरी दोन्हीकडे एकोणीस गुणांची. पण बलाढ्याला हरवायचे तर एकोणीसने भागत नाही, सत्तावीस तरी हवेत. जवळून खेळून वीस फेकींत सत्तावीस किंवा अधिक गुण होण्याची शक्यता सुमारे पंचविसात एक. दुरून खेळून तीच सुमारे सहांत एक! बँकेत तीस वर्षे आकडेमोड केलेल्या माणसाला इतका ढळढळीत फरक पाहून राहवत नाही. अर्थात हा लहरीपणा दोन्हीकडे वाहतो. बारा किंवा त्याहून कमी गुणांत आटोपण्याची भीतीही दुरून खेळण्यात दुपटीहून अधिक आहे. २०१८ साली ह्यूस्टन रॉकेट्स संघाने गोल्डन स्टेटशी निर्णायक सातव्या सामन्यात दुरून ४४ वेळा चेंडू फेकला. सात पडले. त्यात एका रांगेने सत्तावीस चुकले. ते ९२–१०१ असे हरले.

शिवाय ज्याला दुरून फेकताच येत नाही त्याने हे ऐकून हुरळून जाऊ नये. शंभरात ३२ ऐवजी २४ च पडत असतील, तर सत्तावीस गुणांची ती आशा एकतिसात एकवर घसरते, म्हणजे जवळच्या खेळापेक्षाही वाईट. लहरीपणा विकत घेता येतो, पण त्याची किंमत फार पडली तर सौदा तोट्याचा होतो. म्हणून आपले पाहावे तसे त्यांचेही पाहावे. या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या मागल्या सामन्यांचे तक्ते उघड असतात. मी एक अख्खी दुपार ते तक्ते वाचण्यात घालवली. पहिल्या क्रमांकाच्या त्या संघाची उंच माणसे बास्केटखाली भिंतीसारखी उभी असत. तिथला त्यांचा बचाव 'विराट' होता. दूरचा बचाव मात्र दोन-तीन पायऱ्या खाली. आम्ही हंगामभर 'लो पोस्ट' खेळत आलो होतो. म्हणजे आमचा नित्याचा रस्ता सरळ त्या भिंतीवर जात होता.

अशा ठिकाणी गनिमी काव्याची उपमा द्यायची आपल्याकडे वहिवाट आहे. मी देत नाही. शत्रूला नको तेव्हा गाठायचे आणि आपल्याला नको तेव्हा गाठ पडू द्यायची नाही, हा गनिमी काव्याचा अर्धा प्राण. येथे तर शनिवारी ठरल्या वेळी मैदानात उभे राहावेच लागते. चकवण्याला मात्र जागा आहे. सामन्यापूर्वी प्रत्येक मालकाला समोरचा जवळून खेळणार की दुरून, संथ खेळणार की घाईने, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज बरोबर आला तर त्याच्या संघाला थोडा फायदा मिळतो आणि चुकला तर फटका बसतो. ज्याने हंगामभर एकच चाल खेळली त्याच्याविषयी सगळे एकच अंदाज बांधतात. म्हणून तीच शेवटच्या दिवशी बदलण्यात दुहेरी लाभ.

तेव्हा माझा विचार ठरला : 'प्रिन्सटन'. संथ, म्हणून पाळ्या कमी. दुरून, म्हणून लहरी. त्यांच्या भिंतीला वळसा घालून, आणि त्यांच्या अंदाजाबाहेर.

पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मान हलवली. तो अभियंता आहे. आकडे त्यालाही कळतात. "काका, तुम्ही एक विसरताय. जिंकण्याची आशा दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर न्याल, कबूल. पण आपल्या हातात तेवीस गुणांचा फरक आहे. तो सहावा संघ चुकून हरला, तर आपण पंधराने हरूनही पाचवेच राहू. तुमच्या प्रिन्सटनने तीसने हरलो तर तेही गेले."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटले, "तळाच्या संघाशी ते कशाला हरतील? त्या संघाचा मालक तर महिनाभर फिरकलाही नाही म्हणतात."

"चुकून म्हणतोय मी."

आमच्या सौ. कोथिंबीर निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या दुसऱ्यांच्या चुकीवर संसार कशाला चालवायचा? आपल्या हातात जे आहे ते करा. आणि हरायचेच तर पंधराने काय नि तीसने काय, पोराला विकायची वेळ आली की दोन्ही सारखेच."

पुतण्याचे म्हणणे हिशेबात बसत होते आणि सौ.चेही. मी दोन्हींची मांडणी वहीत केली. ते सहावे हरण्याची शक्यता मी वीसांत एक धरली. माझ्या जिंकण्याच्या आशेत होणारी वाढ त्याहून मोठी होती. 'प्रिन्सटन' लिहून दिले आणि शनिवारी जेवणे लवकर उरकून आम्ही पडद्यापुढे बसलो.

पहिल्या सत्रात दुरून सात फेकी घेतल्या, चार पडल्या. त्यांतल्या तीन धाकट्या चिरंजीवांच्या. आम्ही २२, ते १७. त्या बलाढ्य संघाच्या मालकांनी आम्ही जवळूनच खेळणार असा अंदाज बांधला होता, तो सपशेल चुकला. पुतण्या खुर्चीतून उठून उभा राहिला. सौ.नी देवापुढचे निरांजन पुन्हा लावले. ते कशासाठी, हे मी विचारले नाही.

पुढच्या तीन सत्रांत चोवीस फेकी घेतल्या, दोन पडल्या. ओळीमागून ओळ उमटत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'चुकला'. आम्ही ५८, ते ८५. सत्तावीस गुणांनी पराभव.

आणि तो सहावा संघ तळाच्या संघाशी तीन गुणांनी हरला.

हिशेब वाचकांनीच करावा. तेवीसातून सत्तावीस गेले, तीन मिळाले. एका गुणाने आम्ही सहावे झालो. पुतण्या काही बोलला नाही, ही त्याची थोरवी. मी त्या रात्री वही पुन्हा काढली, सगळे आकडे पुन्हा तपासले, आणि आजही सांगतो की तीच माहिती हाती असती तर तीच चाल मी पुन्हा दिली असती. वीसांत एक म्हणजे कधीच नाही असे नव्हे. वीस शनिवारांतला एक शनिवार कोणाच्या तरी वाट्याला येणारच. बँकेत सर्व कागदपत्रे चोख असलेली कर्जेसुद्धा बुडालेली मी पाहिली आहेत. त्यावरून कर्ज देणाऱ्याला कोणी दोष दिला नाही. निदान शहाण्यांनी तरी.

मग वर्गात टिकून राहण्यासाठी तीन सामन्यांची झुंज. येथे गंमत अशी झाली की समोरचा संघ आमच्यापेक्षा दुबळा होता. आता आम्ही मायकन, आणि ते पिस्टन्स! तेव्हा सगळे उलटे करावयाचे. पाळ्या जितक्या जास्त तितके आमचे बळ दिसणार, म्हणून घाई करावयाची. आणि लहरीपणा टाळायचा, म्हणून दुरून-जवळून सारखे खेळायचे. मी 'पुश द बॉल' लिहून दिले. पुतण्याला आता 'प्रिन्सटन'ची चटक लागली होती. त्याला हे मिळमिळीत वाटले. पहिला सामना १०४–८८, दुसरा ९७–९०. तिसऱ्याची गरज पडली नाही. धाकटे चिरंजीव घरातच राहिले, आणि हे बंगळुरास फोनवर कळवताच थोरल्यांनी त्यांचे अभिनंदन केले, असे सौ. सांगतात.

या हंगामात तोच बलाढ्य संघ पुन्हा आमच्या गटात आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांच्या मैदानावर आमचा सामना आहे. कोणती चाल द्यावयाची ते मी ठरवले आहे, वहीत लिहूनही ठेवले आहे. पण ती येथे सांगता येत नाही. त्या संघाचे मालक टोपणनावावरून पुण्याचे दिसतात, आणि ते दिवाळी अंक वाचत असावेत असा मला दाट संशय आहे.